परदेशी विद्यापीठात स्वदेशाचा जमाखर्च



अर्थशास्त्राच्या अध्ययनासाठी एखादे सत्र किंवा एखादे वर्ष परदेशी विद्यापीठात घालविण्याची सोय आता पुष्कळ विद्यापीठांनी परस्परांशी करार करून केलेली आहे. इकडचा विद्यार्थी तिकडे जातो, तिकडचा इकडे येतो. या पद्धतीस विद्यार्थी-विनिमय असे म्हणतात. राज्य शासनाकडूनही परदेशातील उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या दिल्या जातात आणि त्यांतील एका योजनेस राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. जाणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न असतो तो तिकडे काय शिकावयास मिळेल, हा. तिकडे जाऊन कशाचा अभ्यास करावयाचा, हा प्रश्न सहसा मागाहून सुचतो आणि कित्येकांना तो सुचतच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार आणि सामाजिक समतेच्या लढ्याचे नेते म्हणून त्यांचे चरित्र घरोघरी माहीत आहे. परंतु वयाच्या बाविसाव्या वर्षापासून बत्तिसाव्या वर्षापर्यंत ते मुख्यत्वे अर्थशास्त्राचे अभ्यासक होते, ही गोष्ट बहुधा एका परिच्छेदात उरकली जाते.

१९१३ च्या जुलै महिन्यात भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांचे वडील सुभेदार रामजी निवर्तले होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती आणि तिच्या बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला होता. या साडेअकरा पौंडांतूनच घरी पैसे पाठवावयाचे होते. परळच्या चाळीत रमाबाई संसाराचा गाडा कसाबसा ओढीत होत्या.

कोलंबियात त्यांनी निवडलेल्या विषयांची यादी बोलकी आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी एक. जॉन ड्यूई यांच्या विचारांचा त्यांच्यावर जो ठसा उमटला तो जन्मभर टिकला, हे सर्वश्रुत आहे. पण अर्थशास्त्रातील त्यांचे गुरू म्हणजे प्रा. एडविन सेलिग्मन. सार्वजनिक वित्तव्यवस्था हा सेलिग्मन यांचा खास विषय. कर कोणावर बसविला जातो, त्याचा भार अखेरीस कोण सोसतो आणि गोळा झालेला पैसा कोणाच्या हुकुमाने खर्च होतो, हे त्या शास्त्रातील मूलभूत प्रश्न होत. न्यूयॉर्कमध्ये बसून हे प्रश्न अमेरिकेला विचारता आले असते. तेथील प्राप्तिकराचा कायदा १९१३ सालचाच, अगदी ताजा होता. आंबेडकरांनी ते हिंदुस्थानला विचारले.

१९१५ साली एम.ए.साठी त्यांनी लिहिलेला प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यकारभारावर व वित्तव्यवस्थेवर आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी पीएच.डी.साठी प्रबंध सादर केला. तोच पुढे वाढवून १९२५ साली लंडनहून प्रसिद्ध झाला; ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची उत्क्रांती हा त्याचा विषय. विषय वरकरणी रुक्ष आहे. पण आतील कथा रुक्ष म्हणता येणार नाही. १८३३ च्या कायद्याने सर्व प्रांतांच्या खर्चाची सूत्रे गव्हर्नर-जनरलच्या हाती एकवटली. कर गोळा करावा प्रांताने, पण नवा खर्च करावयाचा तर मंजुरी आणावी कलकत्त्याहून. काटकसर करून पैसा वाचविला तर तो वरच्या तिजोरीत जमा होई. मग वाचवावा कोणी आणि कशासाठी? ज्या प्रांताची मागणी मोठी व आवाज चढा, त्याच्या पदरात अधिक पडे. लॉर्ड मेयोच्या योजनेने १८७१ पासून प्रांतांना ठरावीक रक्कम मिळू लागली, १८७७ पासून काही उत्पन्नाच्या बाबी तोडून देण्यात आल्या आणि १८८२ पासून काही बाबींचे उत्पन्न वाटून घेण्याची पद्धत आली. या तिन्ही टप्प्यांची आकड्यांनिशी चिकित्सा करून आंबेडकरांनी दाखवून दिले की, हिशेबाची रीत बदलली तरी अधिकार जागचा हलला नव्हता. प्रांताचा अर्थसंकल्प प्रांताचा नव्हताच. सेलिग्मन यांनी ग्रंथास प्रस्तावना लिहून, या विषयाच्या मूलतत्त्वांचा इतका सविस्तर अभ्यास आपल्या पाहण्यात नाही, अशी दाद दिली. राज्य आणि केंद्र यांच्यातील कर-वाटपाचा वाद आजही दर वित्त आयोगाच्या वेळी उठतो. त्या वादात उतरणाऱ्याने हे पुस्तक एकदा तरी चाळावे.

येथे एक प्रश्न सहज मनात येतो. हिंदुस्थानच्या तिजोरीचा अभ्यास करावयाचा तर सातासमुद्रापलीकडे कशाला जावयाचे? शिक्षक व शिस्त तिकडे होती, हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर अधिक कटू आहे. हिंदुस्थानचा कारभार लंडनहून चाले आणि त्या कारभाराची दप्तरे, अहवाल व हिशेबाची पुस्तके यांचा मोठा साठा लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये होता. ज्याला आपल्या घरचा जमाखर्च तपासावयाचा, त्याला सावकाराच्या पेढीवर जाणे भाग होते.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, सोबत सेलिग्मन यांची शिफारस होती. तथापि वर्ष पुरे होण्यापूर्वीच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या उन्हाळ्यात अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. प्रा. एडविन कॅनन यांच्या खटपटीने विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत दिली, एवढाच काय तो दिलासा. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते ती बोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली आणि त्या सामानातील ग्रंथ समुद्रतळाशी गेले. करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. पण कोलंबियाच्या या पदवीधराला त्या शहरात जातीमुळे डोके टेकण्यास जागा मिळाली नाही आणि थोड्याच दिवसांत मुंबईस परतावे लागले.

चार वर्षांच्या मुदतीतील एकेक महिना सरत होता. नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांना मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. त्याच वर्षी त्यांनी शेतजमिनीच्या तुकड्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तुकडे जोडा म्हणजे शेती सुधारेल, असे त्या वेळी मोठमोठे जाणते सांगत. आंबेडकरांचे म्हणणे असे की, जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे फुटपट्टीने ठरत नाही. त्यावर राबणारे हात किती आणि अवजारे व भांडवल किती, यावरून ठरते. शेतीवर पोसले जाणारे जादा हात उद्योगधंद्यांकडे वळविल्याविना नुसती जमीन जोडून काही साधणार नाही. आजच्या कोरडवाहू महाराष्ट्रातही हा निबंध शिळा वाटत नाही.

पगारातून पैपैची काटकसर, शाहू महाराजांचे साह्य आणि कोलंबियातील वसतिगृहापासूनचे स्नेही नवल भथेना यांनी उसने दिलेले ५,००० रुपये, एवढ्या बळावर ते जुलै १९२० मध्ये पुन्हा लंडनला निघाले. आणि येथे अर्थशास्त्राने आपल्या विद्यार्थ्याची जणू थट्टाच केली. १९२० च्या आरंभी रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्याही वर चढला होता. १९२१ मध्ये तो घसरून एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास आला. दोन शिलिंगांच्या दराने ५,००० रुपयांचे ५०० पौंड होतात. एक शिलिंग चार पेन्सच्या दराने जेमतेम ३३३. विनिमयाचा दर म्हणजे काय, हे ज्याला वर्गात शिकविण्याची गरज उरली नव्हती असा हा विद्यार्थी होता. ग्रंथालय उघडताना आत जावे, बंद होताना बाहेर पडावे, आणि रात्री भूक लागली म्हणजे एका परिचिताने दिलेले पापड भाजून खावेत, असा क्रम चालला होता. किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले, ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेऊन तेथे स्मारक केले आहे.

१९२१ साली एम.एस्‌सी. झाली. त्यानंतर डी.एस्‌सी.साठी त्यांनी विषय घेतला तो रुपयाचाच. चांदीचा भाव उतरत गेल्यामुळे सरकारने १८९३ साली टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या आणि पुढे सुवर्ण-विनिमय परिमाण रूढ केले. देशात चलन रुपयाचे, परदेशी देण्यासाठी मात्र ठरलेल्या दराने सोन्याशी सांगड, अशी ती योजना. केम्ब्रिजचे जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात तिचे कौतुक केले होते. आंबेडकरांनी या नामवंत अर्थशास्त्रज्ञाशी सरळ वाद मांडला. त्यांचा मुख्य आक्षेप असा की, रुपये किती पाडावयाचे हे या पद्धतीत सरकारच्या मर्जीवर राहते. चलन वाढले की महागाई वाढते. आणि महागाईच्या मागे धावताना मजुराची मजुरी नेहमीच मागे पडते. परदेशी हुंडणावळीचा दर स्थिर राखण्यापेक्षा बाजारात रुपयाला काय मिळते, याला अधिक महत्त्व आहे. यास्तव रुपये पाडणे बंद करून त्यांची संख्या बांधून टाकावी आणि सोन्याचे नाणे सुरू करावे, असा उपाय त्यांनी सुचविला. सुवर्ण परिमाण पुढे जगानेच टाकले, तेव्हा तो उपाय आता कोणी सुचविणार नाही. पण सरकारच्या हाती चलनाची किल्ली बिनशर्त असू नये, हा त्यामागील विचार जुना झालेला नाही.

परीक्षकांनी हा प्रबंध आहे त्या स्वरूपात स्वीकारला नाही; फेरमांडणी करण्यास सांगितले. हातचे पैसे संपले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये आंबेडकर मुंबईस परतले, प्रबंध सुधारून पाठविला आणि नोव्हेंबरात पदवी मिळाली. त्याच वर्षी ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रस्तावनेत प्रा. कॅनन यांनी शिष्याची कित्येक टीका आपणास मान्य नसल्याचे स्पष्ट लिहिले, आणि तरीही त्याच्या मांडणीतील ताजेपणाची वाखाणणी केली. गुरूने असहमत राहून पाठ थोपटावी आणि शिष्याने ती प्रस्तावना तशीच छापावी, हा विद्यापीठीय शिक्षणाचा खरा लाभ होय.

१९२५ साली हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखालील चलनविषयक शाही आयोग हिंदुस्थानात आला, तेव्हा डिसेंबरात आंबेडकरांनी त्याच्यापुढे साक्ष दिली. मध्यवर्ती बँकेची शिफारस याच आयोगाने केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँकेचे कामकाज सुरू झाले. बँक त्यांच्या ग्रंथावरूनच उभी राहिली असे उत्साहाच्या भरात म्हटले जाते. तसे म्हणणे बरोबर नाही आणि त्यांच्या मोठेपणाला त्याची जरुरीही नाही. राज्यकर्त्यांच्या दप्तरांतून शिकलेला माणूस राज्यकर्त्यांच्याच आयोगापुढे जाणकार म्हणून बसला, ही गोष्ट पुरेशी आहे.

कोलंबियाची पीएच.डी. मात्र कागदोपत्री राहून गेली होती. छापील प्रती विद्यापीठाकडे दिल्याखेरीज पदवी द्यावयाची नाही, असा तेथील नियम होता आणि छपाईला पैसा नव्हता. ग्रंथ निघाल्यावर ती पदवी रीतसर मिळाली ती १९२७ च्या जूनमध्ये. तत्पूर्वी तीनच महिने, २० मार्च रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी आपल्या ओंजळीत घेतले होते.