एकट्याने प्रवास



आजच्या विषयाची जाहिरात वाचून एका स्नेह्यांनी आम्हांला परवा वाटेत गाठले. म्हणाले, "एकट्याने प्रवास करण्यात फायदा कसला? खोलीचे भाडे दोघांत वाटले जायचे ते सगळे आपल्याच अंगावर!" हिशेब बिनचूक आहे. पैशाच्या वहीत एकटा प्रवासी नेहमी तोट्यातच दिसतो. आम्ही बोलणार आहो ते दुसऱ्या वहीविषयी.

आपला नेहमीचा प्रवास कसा असतो ते आठवा. गाडीत पाऊल टाकल्याबरोबर आपण तिथे आपली आळी मांडतो. चिवड्याचा डबा उघडतो, घरी अर्धवट राहिलेला वाद पुढे सुरू होतो. मिरजेहून बेळगावकडे जाताना कुडचीजवळ कृष्णा ओलांडावी लागते. पण ती केव्हा आली आणि केव्हा गेली, याचा पत्ता कोणालाच नसतो. कारण त्या वेळी लोणचे कोणी आणायचे होते आणि कोण विसरले, याचा निवाडा चाललेला असतो. आम्ही त्या पुलावरून अनेकदा गेलो. कृष्णा पाहिली ती मात्र एकटे गेलो तेव्हा.

तो प्रवास हंपीचा. सोबती ऐन वेळी आजारी पडले आणि आम्ही नाइलाजाने निघालो. त्यात पराक्रम काही नव्हता. पहिल्या दिवशी जेवण वाईट मिळाले. आम्ही सवयीप्रमाणे कपाळाला आठ्या घातल्या, आणि ध्यानात आले की पाहायला समोर कोणीच नाही! राग तसाच विरला. आमचा शीघ्रकोप, ज्याचा घरात थोडा दरारा आहे, तो प्रेक्षकांवाचून चालत नाही, हा शोध आम्हांला वयाच्या चाळिशीत लागला. दुसऱ्या दिवशी वेताच्या गोल टोपलीवजा होडीतून तुंगभद्रा ओलांडून आनेगुंदीला गेलो, भग्न भिंती पाहण्यात वेळेचे भान राहिले नाही, आणि परतीची होडी चुकली. एका शाळामास्तरांनी ओसरीवर जागा दिली. त्यांना मराठी येत नव्हते, आम्हांला कानडी. दोघांच्या मोडक्या हिंदीत रात्री बोलणे निघाले, आणि थोरल्या भावाशी बारा वर्षे धरलेल्या अबोल्याची हकीकत, जी जिवलग मित्रांनाही कधी सांगितली नव्हती, ती आम्ही त्या गृहस्थांना सांगून बसलो. ते एवढेच म्हणाले, "भाऊ जिवंत आहे ना?" गावी परतल्यावर आम्ही भावाला पत्र टाकले. बरोबर चार मंडळी असती, तर आम्ही ओसरीवर गप्पांचा अड्डा जमवला असता आणि मास्तर आत जाऊन झोपले असते.

एकटेपणाचे हे सुख पहिल्याच दिवशी मिळते, असे मात्र कोणी समजू नये. इब्न बतूता 1325 साली तंजावरचा नव्हे, तँजिअरचा आपला गाव सोडून हजला निघाला तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि एकटा होता. ट्यूनिस शहरी पोहोचल्यावर गावचे लोक सामोरे आले, ज्याला त्याला ओळखीचे भेटले, सलाम झाले. याला विचारणारे कोणी नव्हते. तो रडू लागला. तेव्हा एका यात्रेकरूच्या ते लक्षात आले आणि तो जवळ येऊन आपुलकीने बोलू लागला. पुढे हाच माणूस दिल्लीला महंमद तुघलकाच्या पदरी काझी झाला, आपल्या दौलताबादेसही येऊन गेला. इतके जग पाहिलेल्या माणसाने ट्यूनिसमधले ते रडणे आपल्या वृत्तान्तातून गाळले नाही, याचे आम्हांला फार कौतुक वाटते.

मराठीत या विषयावर बोलायचे आणि धर्मानंद कोसंबींचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. गोव्यातल्या साखवाळ गावचा हा तरुण 1899 च्या अखेरीस बुद्धाचा धर्म शिकण्यासाठी घराबाहेर पडला. गाठीला पैसा नाही, हातात पदवी नाही. पुणे, ग्वाल्हेर, मग काशी. तिथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळात गेले, तिथले बौद्धधर्माचे रूप पाहून निराश झाले. 1902 साली सिंहलद्वीप गाठले आणि तिथे पाली शिकले, पुढे ब्रह्मदेश. बरोबर कोणी असते, तर नेपाळातून परत फिरण्याचा ठराव बहुमताने मंजूर झाला असता! पुढे ते हार्वर्डला गेले, फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. 'निवेदन' हे त्यांचे आत्मवृत्त ज्यांनी वाचले नसेल, त्यांनी जरूर वाचावे.

पण इथे एक गोष्ट झाकून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोसंबी निघाले तेव्हा घरी तरुण पत्नी होती आणि तान्ही मुलगी होती. ते एकटे गेले, म्हणजे बाळाबाईही एकट्या राहिल्या. त्यांच्या त्या वर्षांच्या प्रवासाचे वर्णन आपल्यापाशी नाही. आम्ही कोसंबींना दोष देत नाही, तो आमचा अधिकार नव्हे. परंतु एकट्याच्या प्रवासाचे भाडे बहुधा घरी राहिलेले माणूस भरते, हे त्या दुसऱ्या वहीतही मांडले पाहिजे.

आणि समोर बसलेल्या भगिनी मघापासून मनात म्हणत असतील, "हे सगळे ठीक, पण आम्हांला एकटे जाऊ देतो कोण?" हाच प्रश्न 1883 च्या फेब्रुवारीत आनंदीबाई जोशी यांना श्रीरामपूरच्या सभेत घ्यावा लागला. हे श्रीरामपूर बंगालचे. लोक विचारीत होते ते प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले, त्यांत एक होता, "मी एकटी का जाते?" दोघांनी जाण्याचा बेत होता, पण पैसा पुरेसा नव्हता आणि पतीवर आईबापांचा व धाकट्या भावंडांचा भार होता, असे त्यांनी सरळ सांगितले. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. नुकते अठरावे पुरे झालेले. सोबतीला मिशनरी बाया होत्या, पण घरचे कोणी नाही. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या, आणि 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचा अंत झाला. आमच्या मनात येते ते असे, की एकटे का जाता हा प्रश्न इब्न बतूताला सभा भरवून कोणी विचारला नव्हता.

आता तर खिशात फोन असतो. एकटा निघालेला माणूस दर स्टेशनावर घरी खबर देतो, फोटो धाडतो. काळजी मिटते हे चांगलेच आहे. फक्त कुडचीच्या पुलावर तो खाली ठेवावा, एवढी आमची विनंती.

गेल्या वर्षी आमच्या कुटुंबाने नरसोबाच्या वाडीस एकटीने जायचे काढले. आम्ही स्टेशनावर पोचवायला गेलो. पिशवी सांभाळ, पाणी बाहेरचे पिऊ नकोस, उतरल्यावर लगेच कळव, अशा सूचना गाडी हलेपर्यंत चालूच होत्या. तिने एकदाच मान डोलावली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. घरी येऊन चहा करावा म्हटले, तर साखरेचा डबा सापडेना. तिला विचारण्यासाठी फोन हातात घेतला, आणि मग ठेवून दिला.