छायाचित्रातील न हसणारी माणसे



गुरुवर्यांच्या स्मृतिदिनी बोलण्याचा मान संस्थेने मला दिला, याबद्दल मी ऋणी आहे. स्मरणासाठीच आपण जमलो आहोत. म्हणून स्मरण जपणाऱ्या एका साधनाविषयी, छायाचित्राविषयी, चार शब्द बोलतो.

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतील जुन्या घरांच्या भिंती पाहाव्यात. फेटा बांधलेले पणजोबा, नऊवारीतील पणजी; चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. ही माणसे हसतच नव्हती काय, असे मुले विचारतात.

१८३९ साली फ्रान्समध्ये दागेरची प्रक्रिया जाहीर झाली, तेव्हा एका चित्रासाठी काही मिनिटे निश्चल बसावे लागे. हसू इतका वेळ टिकत नाही. परंतु हे उत्तर अपुरे आहे. आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. सहाव्या निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या उमेदीच्या काळात कोरड्या काचपट्ट्या आल्या आणि चित्र क्षणात उतरू लागले. तरीही त्यांच्या चित्रांतील अमीर-उमराव बहुधा गंभीरच दिसतात. कारण यंत्रात नव्हते, रीतीत होते. दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा उघडली, यावरून चित्र काढून घेणे ही केवढी मर्यादेची बाब होती, हे कळते. सामान्यांच्या आयुष्यात तर तो एखादाच प्रसंग. पुढील पिढ्यांसमोर माणसे अदबीने उभी राहत. हसू ओसरीवरच्या आप्तांसाठी राखलेले असे.

तेव्हा हरवले आहे ते हसू नव्हे. हरवत आहेत ती नावे. आमच्या घरी एका स्त्रीचे चित्र आहे. तिच्याविषयी सांगू शकेल असे कोणी उरले नव्हते. पाठीवर मोडीत दोन ओळी होत्या. आजोबांना मोडी येई, शाळेत ते उर्दू शिकले. वडिलांनी बाळबोध गिरवली. नातवंडे कन्नड आणि इंग्रजी वाचतात. चार पिढ्यांत लिपी बदलली आणि घरातील अक्षर घरालाच परके झाले. एका मोडी जाणकाराने त्या ओळी वाचून दिल्या. ती आजोबांची थोरली बहीण होती. नाव, सासरचे गाव, आणि पुढे एवढेच, की जात्यावर ओव्या फार गोड म्हणत असे. त्या दिवसापासून तो गंभीर चेहरा आम्हांस बोलका वाटू लागला.

आपल्याकडे ही हानी अधिक संभवते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद म्हैसूर राज्यात गेले. चित्र एका बाजूस आणि ओळख सांगणारे आप्त दुसऱ्या बाजूस, असे अनेक घरांत झाले.

म्हणून माझी एक विनंती आहे. येत्या दिवाळीत भिंतीवरील चित्रे उतरवा, वडीलधाऱ्यांजवळ बसा, आणि पाठीवर मऊ पेन्सिलीने नाव, नाते, गाव, साल व त्या व्यक्तीची एखादी आठवण लिहा. मराठीत आणि कन्नडमध्येही. शाळेच्या जुन्या समूहचित्रांतील शिपाईमामांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांची ओळख माजी विद्यार्थ्यांनी लिहून द्यावी. भ्रमणध्वनीत साठलेल्या शेकडो हसऱ्या चित्रांनाही हाच नियम लागू आहे; नावावाचून तीही उद्या अनोळखी होतील.

चेहरा यंत्र जपते. माणूस मात्र आपणांसच जपावा लागतो.