बाळंतिणीची सोबत

डहाणूजवळच्या विवळवेढ्याची महालक्ष्मी गडावर राहते. एक गर्भवती भक्तीण गड चढताना चक्कर येऊन पडली, तेव्हा देवीच तिच्यासाठी खाली आली, असं इथे सांगतात. अवघडलेल्या बाईजवळ कुणीतरी यायला हवं, हेच ही कथा सांगते.

पूर्वी ही सोबत सुईण करायची. शहरात आता त्यासाठी ‘डूला’ असतात. त्या प्रसूती करत नाहीत; धीर देतात, कंबर चोळतात, श्वासाकडे लक्ष वेधतात. सरकारी दवाखान्यातही प्रसूतीच्या वेळी घरची एक बाई सोबत ठेवायला केंद्र सरकारने 2016 मध्ये मान्यता दिली. तेव्हा सातव्या-आठव्या महिन्यातच आई, सासू की जाऊ, कोण थांबणार ते ठरवा. दवाखाना, गाडी आणि कागदपत्रंही तयार ठेवा. कळा सुरू झाल्या की 102 किंवा 108 वर फोन करा.

बाळ घरी आलं की आशाताई (आरोग्य कार्यकर्त्या) 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी भेटायला येतात. अशा घरपोच काळजीने नवजात बाळांचे मृत्यू कमी होतात, हे डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवून दिलं.

बाळाला जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजा, उराशी ऊब द्या. बाळ दूध ओढेना, अंग गार पडलं, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा आईला जास्त रक्तस्राव झाला, तर लगेच दवाखाना गाठा. सोबत करणाऱ्या प्रत्येकीला ही लक्षणं पाठ हवीत.