बॅटरी एक किलोमीटरची

आमच्या कड्याकडे टॉर्चला कोणी टॉर्च म्हणत नाही. बॅटरी म्हणतात. लहानपणी आमच्या घरी तीन सेलची पत्र्याची बॅटरी होती. अब्बा रात्री दारे धरायला निघाले की ती काखेत मारायचे. उजेड पिवळा आणि फार तर पुढच्या बांधापर्यंत. सेल उतरले की दिवसा उन्हात ठेवायचे आणि आणखी एक-दोन रात्री काढायच्या.

गेल्या हिवाळ्यात भाच्याने पुण्याहून नवी बॅटरी आणली, मुठीत मावणारी. म्हणाला, "मामू, एक किलोमीटर जाते." मी हसलो. रात्री गच्चीवर त्याने बटन दाबले आणि ओढ्यापलीकडची चिंच झाडासकट उजळली. माझे हसू थांबले.

ही लेझरवर चालणारी बॅटरी. पण शाळेत फळ्यावर दाखवतात तसा लाल ठिपका ती टाकत नाही. आत निळा लेझर असतो. तो फॉस्फर नावाच्या पिवळ्या पदार्थावर एका बारीक ठिपक्यात पडतो आणि तिथून पांढरा उजेड निघतो. आपल्या घरातले एलईडी दिवेही निळ्या उजेडाला असाच पांढरा करतात. त्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. फरक ठिपक्याचा आहे. उजेडाचा उगम जितका लहान, तितका त्याचा झोत भिंगातून अरुंद निघतो आणि लांब जातो.

आता किलोमीटरचा हिशेब. टॉर्च मोजण्याचे एक प्रमाण आहे. उजेड जिथे पाव लक्स उरतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, तिथपर्यंत तिचा पल्ला धरतात. म्हणजे खोक्यावर एक किलोमीटर लिहिले असले, तर तिथे फक्त चांदणे पोचते. अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो. म्हणून खोक्यावरच्या आकड्याचा अर्धा पल्ला आपला समजावा. हवेत धुके किंवा धूळ असली तर त्याहूनही कमी.

असा लांबचा उजेड कोणाला लागतो? दरीपलीकडे अडकलेला सोबती शोधणाऱ्या गिर्यारोहकाला, वनरक्षकाला, आणि आमच्याकडे शेतकऱ्याला. २०२० च्या नोव्हेंबरअखेरीस आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली. पुढे करमाळा तालुक्यातही मारली. १८ डिसेंबरला तिकडेच त्याला गोळी घालावी लागली. त्या दिवसांत संध्याकाळ झाली की गावे दारे लावून बसत. पण शेतीची वीज पाळीने येते, आणि पाळी रात्रीची असली तर गव्हाला पाणी रात्रीच द्यावे लागते. माणसे चार-चार जणांनी, काठ्या घेऊन आणि फटाके फोडत मोटर चालू करायला जात. हातात उजेड मात्र पुढच्या बांधापुरता.

भाच्याची बॅटरी घेऊन आम्ही दोघे रात्रीच्या पाळीला गेलो. दूरच्या बांधावर दोन हिरवे ठिपके चमकले. दोघांचे पाय जागीच थांबले. गाय, शेळी, कुत्रा, बिबट्या यांच्या डोळ्यांत आरशासारखा एक पडदा असतो, त्यामुळे त्यांचे डोळे उजेडात चमकतात. माणसाचे तसे चमकत नाहीत. पण नुसत्या ठिपक्यांवरून जनावर ओळखता येत नाही. थोड्या वेळाने ठिपके हलले आणि गळ्यातली घंटा वाजली. शेजाऱ्याची गाय सुटली होती.

हायसे वाटून भाचा बांधावरून खाली उतरू लागला. त्याचा झोत अजून गाईवरच होता. मी मागून साध्या बॅटरीचा उजेड टाकला. त्याच्या पुढच्या पावलापासून हातभर अंतरावर घोणस पडली होती. मी त्याचा सदरा धरून त्याला मागे ओढले. घरी येईपर्यंत दोघेही काही बोललो नाही.

म्हणून सांगतो, लांबच्या झोताबरोबर पायाजवळ पसरणारा एक साधा उजेड हवाच. लांबचा झोत सारखा चालू ठेवू नये. थांबावे, चारी बाजूंनी फिरवून पाहावे, मग पुढे जावे. चमकणाऱ्या डोळ्यांकडे चालत जाऊ नये. एकट्याने जाऊ नये, मोठ्याने बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावून जावे. हा झोत माणसाच्या डोळ्यांवर, गाडीवाल्यावर किंवा विमानाकडे कधीही मारू नये. आणि या उजेडात शिकार करायचे कोणाच्या मनात येत असेल, तर १९७२ चा वन्यजीव कायदा आठवावा.

शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्यात २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. काही ठिकाणी दिवसा वीज मिळूही लागली आहे. भाच्याची बॅटरी चांगली आहे, मी तिला नावे ठेवत नाही. पण परवा तोच म्हणाला, "मामू, लाईट दिवसा आली तर ही बॅटरी मी खुंटीला टांगून ठेवीन." त्या खुंटीची मी वाट पाहतो आहे.