स्नायू काळा की पांढुरका?

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला पोटातलं बाळ आठवतं. पण तोच प्रोब मांडीवर ठेवला, तर स्नायूही दिसतो. निरोगी स्नायू पडद्यावर काळसर असतो. त्यात चरबी आणि तंतुमय ऊती वाढल्या की पांढुरका होतो. १९८२ साली हेकमॅट आणि सहकाऱ्यांनी या पांढुरकेपणाच्या चार पायऱ्या ठरवल्या. पण नजरेचा अंदाज माणसागणिक बदलतो. म्हणून आता कॉम्प्युटर प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ मधला आकडा देऊन सरासरी काढतो. ड्युशेन आजार असलेल्या मुलाचा स्नायू किती बदलला, हे सुई न टोचता पुन्हा पुन्हा मोजता येतं. अट एकच: मशीनचं सेटिंग दर वेळी तेच हवं. गेन वाढवला, तर धडधाकट स्नायूही आजारी दिसेल. फोटोला फिल्टर लावल्यासारखंच ना ते!