अंतराळातील पाणी
(शाळेच्या विज्ञान मंडळापुढे केलेले भाषण)



मागे आठवीच्या एका मुलाने मला विचारले, "सर, अंतराळवीर आंघोळ कशी करतात?" वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर आंघोळ नाहीच. तेथे सर्व काही तरंगते, तसे पाणीही. ते खाली पडत नाही. त्याचा गोळा होतो आणि अंगाला लागला की तेथेच चिकटून बसतो. म्हणून ओल्या फडक्याने अंग पुसायचे, एवढेच. २०२५ साली आपले शुभांशु शुक्ला तेथे १८ दिवस राहिले. सोबत गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस होता. पण बादलीभर पाणी त्यांनाही नव्हते.

स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर. तेथे पाण्याचा थेंब पोचवायचा तर रॉकेट लागते. म्हणून घाम, श्वासातील वाफ, इतकेच काय, लघवीसुद्धा गोळा करून यंत्राने शुद्ध करतात आणि तेच पाणी पितात. २०२३ साली हे प्रमाण ९८ टक्क्यांवर गेले.

मग वजूचे काय? हा प्रश्न खरोखरच उभा राहिला होता. ऑक्टोबर २००७ मध्ये, रमजानच्या अखेरच्या दिवसांत, मलेशियाचे डॉ. शेख मुझफ्फर शुकोर स्थानकावर गेले. तेथे दिवसाकाठी सोळा वेळा सूर्य उगवतो! मलेशियाच्या उलेमांनी आधीच मार्गदर्शन केले: नमाज चोवीस तासांत पाचच, वेळा यान जेथून उडाले तेथल्या, किबला शक्य होईल तसा, वजूऐवजी तयम्मुम चालेल, रोजे परतल्यावर ठेवता येतील. मला यातला समजूतदारपणा फार आवडला.

लघवीचे पाणी ऐकून त्या मुलाने तोंड वाकडे केले. मी त्याला म्हटले, बाळा, आपल्या पैठणच्या नाथसागरात गोदावरी येते ती नाशिकवरून, वाटेतल्या गावांचे वापरलेले पाणी घेऊन. वर यंत्र करते ते काम इथे ऊन, माती आणि गाळणी केंद्र करते, इतकाच फरक.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तोच मुलगा शाळेच्या गळक्या नळाखाली बादली लावून बसला. सुट्टी संपेपर्यंत दीड बादली पाणी भरले. ते आता कुंपणाकडच्या कडुनिंबाच्या रोपांना जाते.