तहानेचा व्यापार आणि तहानेची सेवा

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या आनंदात तहानेविषयी बोलणे कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु सणाच्या दिवशी ज्याचे ताट रिकामे आहे त्याची आठवण करावी, ही आपल्या घरोघरची जुनी रीत आहे. मग ज्याचा घडाच रिकामा आहे तो तर त्याच्याही आधी आठवावयास हवा. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी आम्ही असा विषय निवडला आहे की ज्यात दया आणि व्यापार ही दोन्ही एकाच बाटलीत भरलेली आहेत. श्रीमंत देशांत बाटलीबंद पाणी विकावयाचे आणि त्या विक्रीच्या पैशातून आफ्रिका खंडातील गावांस स्वच्छ पाणी पुरवावयाचे, असे उपक्रम गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अनेक ठिकाणी निघाले. त्यांचा गुण कोणता, उणीव कोठे राहिली, आणि दान करू इच्छिणाऱ्या मनुष्याने त्यांपासून काय शिकावे, ह्याचा आपण शांतपणे विचार करू.

प्रथम दुःखाचे माप पाहू. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या संयुक्त गणतीप्रमाणे २०२२ साली जगातील सुमारे २२० कोटी लोकांना घरी, हवे तेव्हा आणि निर्धोक असे पिण्याचे पाणी मिळत नव्हते. त्यांपैकी ७० कोटींहून अधिक लोकांची स्थिती ह्याहून बिकट होती. जाऊन, रांगेत उभे राहून, अर्ध्या तासात परत येता येईल इतक्या अंतरावरही त्यांना चांगले पाणी नव्हते. ह्यांतील अर्ध्याहून अधिक लोक आफ्रिकेतील सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांत राहतात. ज्या घरांत पाणी बाहेरून आणावे लागते अशा दहा घरांपैकी सात घरांत ते ओझे स्त्रिया आणि मुली वाहतात. जी मुलगी सकाळी घडा घेऊन निघते ती शाळेत उशिरा पोचते, किंवा पोचतच नाही. म्हणजे तहान केवळ घसा कोरडा करीत नाही. ती आयुष्याचा दिवसही कोरडा करून टाकते.

हे दृश्य पाहून ज्यांचे मन हलले त्यांपैकी एक पीटर थम नावाचे अमेरिकन गृहस्थ होत. कामानिमित्त दक्षिण आफ्रिकेत गेले असता त्यांनी पाण्यावाचून होणारे हाल पाहिले, आणि स्वदेशी परतल्यावर 'एथॉस' ह्या नावाने बाटलीबंद पाणी विकण्यास प्रारंभ केला. कल्पना सरळ होती. अमेरिकेतील माणूस पाण्याची बाटली विकत घेतोच. तीच बाटली घेताना त्यातील काही भाग तहानेल्यास पोचावा. २००५ साली स्टारबक्स ह्या कॉफीच्या मोठ्या कंपनीने हा व्यवसाय विकत घेतला आणि प्रत्येक बाटलीमागे ५ सेंट पाण्याच्या कार्यासाठी देण्याचे ठरविले. त्याच वर्षी इंग्लंडात डंकन गूस ह्यांनी 'वन वॉटर' सुरू केले. तेथे पाच सेंटांची बात नव्हती, सगळा नफा आफ्रिकेतील पाण्यासाठी देण्याचा संकल्प होता. इंग्लंडातीलच 'बेलू' ह्या संस्थेने २०११ पासून आपला सर्व नफा वॉटरएड ह्या संस्थेच्या स्वाधीन करण्याचा करार केला. 'व्होल्विक' ह्या फ्रेंच पाण्याच्या कंपनीने जर्मनीत, विकलेल्या प्रत्येक लिटरामागे इथिओपियात दहा लिटर स्वच्छ पाणी, अशी घोषणा युनिसेफच्या साहाय्याने केली.

ह्या माणसांचे श्रेय आपण आधी मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. जो मनुष्य दानपेटीसमोरून मान खाली घालून निघून जातो, त्याच्याही खिशातून त्यांनी गरिबासाठी काही काढले. ज्यांनी इथिओपियाचे नावही फारसे ऐकले नव्हते त्यांच्या मेजावर इथिओपियाची तहान आणून ठेवली. टीका करणे सोपे असते, आणि टीकाकाराच्या हातून बहुधा एकही विहीर खणली जात नाही. तथापि दानाची परीक्षा देणाऱ्याच्या समाधानावरून होत नसून घेणाऱ्याच्या घड्यावरून होते. म्हणून तीन प्रश्न विचारणे प्राप्त आहे.

पहिला प्रश्न हिशोबाचा. एथॉसची बाटली अमेरिकेत एके काळी सुमारे १ डॉलर ८० सेंटांस विकली जात असे. त्यातून ५ सेंट दिले, म्हणजे छत्तीस भागांपैकी एक भाग दिला. वर्षभर रोज एक बाटली घेणाऱ्याने ६५७ डॉलर खर्च केले, आणि तहानेल्याच्या वाट्यास १८ डॉलर २५ सेंट आले. जर त्याने घरचे नळाचे पाणी प्यावे आणि वाचलेल्या रकमेचा दहावा भाग जरी थेट पाठवावा, तरी तो साडेतीनपटीहून अधिक होईल. ह्यात कोणी कोणास फसविले असे आम्ही म्हणत नाही. पाच सेंटांचा आकडा उघड सांगितलेला होता. परंतु बाटली घेताना मनास जे समाधान वाटते ते पाच सेंटांचे नसते, पुऱ्या दानाचे असते. स्वस्तात मिळालेले समाधान खऱ्या दानाची भूक मारते, हा त्यातील सूक्ष्म धोका आहे.

दुसरा प्रश्न खुद्द बाटलीचा. पाणी हा जड पदार्थ आहे. ते प्लास्टिकात भरावयाचे, गाड्यांतून शेकडो मैल वाहावयाचे, आणि घटकाभरात बाटली फेकून द्यावयाची. हे सर्व अशा देशांत की जेथे नळाचे पाणी बहुतेक ठिकाणी निर्धोक आहे. २०१५ साली कॅलिफोर्नियात भीषण अवर्षण पडले असता हेच परोपकारी पाणी त्या अवर्षणग्रस्त प्रांतात भरले जात असल्याचे प्रसिद्ध झाले, आणि कंपनीने ते काम पेनसिल्व्हेनियात हलविण्याचे जाहीर केले. एका ठिकाणची तहान भागविण्यासाठी दुसऱ्या ठिकाणच्या कोरड्या जमिनीतून पाणी काढावे, ही विसंगती कोणाच्याही ध्यानात येण्याजोगी आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे २००८ साली काही तरुणांनी 'थँक यू' ह्या नावाने असाच उपक्रम काढला होता. २०२० साली त्यांनी बाटलीबंद पाणी विकणे स्वतःहून बंद केले आणि साबणादी अन्य वस्तूंच्या विक्रीतून आपले कार्य पुढे चालविले. ज्या वस्तूने नाव मिळवून दिले तीच वस्तू सोडावयास धैर्य लागते, आणि त्या धैर्याबद्दल ते आदरास पात्र आहेत.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर आहे: जमलेल्या पैशाचे गावात पुढे काय झाले? वन वॉटरचा नफा प्रारंभी दक्षिण आफ्रिकेत निघालेल्या 'प्लेपंप' नावाच्या यंत्रासाठी जात असे. मुलांचा फिरता पाळणा आणि पाण्याचा पंप ह्यांची त्यात जोड होती. मुलांनी खेळताना चक्र फिरवावे, त्या गतीने पाणी वर उंच टाकीत चढावे, आणि टाकीच्या बाजूंवरील जाहिरातींच्या उत्पन्नातून दुरुस्तीचा खर्च निघावा. ऐकणाऱ्याचे मन मोहून जावे अशीच ही योजना होती. २००० साली जागतिक बँकेने तिला पारितोषिक दिले. २००६ साली अमेरिकेत सरकार व दाते ह्यांनी मिळून १ कोटी ६४ लाख डॉलरांचे साहाय्य जाहीर केले, आणि २०१० पर्यंत ४,००० पंप बसवून एक कोटी लोकांस पाणी देण्याचे ध्येय ठरले.

परंतु मुलांच्या खेळास वेळेचे बंधन नसते, आणि घरच्या तहानेस सुट्टी नसते. मुले शाळेत असता, किंवा खेळून कंटाळली असता, चक्र फिरविण्याचे काम बायकांवर आले. म्हाताऱ्या बाया ते जड चक्र वाकून ढकलू लागल्या. साध्या हातपंपाच्या सुमारे चौपट किंमत त्यास पडे. जाहिराती पुष्कळ ठिकाणी लागल्याच नाहीत, आणि यंत्र मोडले तर सुटे भाग गावात मिळेनात. २००९ साली इंग्लंडातील गार्डियन पत्राने हिशोब मांडला की, ठरविलेल्या संख्येस पुरेसे पाणी द्यावयाचे तर मुलांनी दिवसाचे २७ तास खेळले पाहिजे! देवाने दिवस २४ तासांचाच केला आहे. पुढे अमेरिकेतील त्या संस्थेने २०१० च्या सुमारास आपले काम दुसऱ्या संस्थेच्या हाती सोपविले, आणि वन वॉटरनेही आपले साहाय्य निराळ्या प्रकारच्या पाणीकामांकडे वळविले. येथे कोणाचा हेतू वाईट होता असे मुळीच नव्हे. चूक इतकीच झाली की, जिला रोज पाणी भरावयाचे होते तिला कोणी आधी विचारले नाही.

मग टिकणारे काम कसे असते? ह्याचे उत्तर शोधताना आपणांस दूर जावयास नको. मराठवाड्यातील जालना आणि तेथून दक्षिणेकडील सोलापूर ही दोन नावे जगाच्या पाणीपुरवठ्याच्या इतिहासात कायमची राहिली आहेत, हे आपल्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. १९६० च्या दशकात आपल्या खेड्यांत जे बिडाचे पंप बसविले जात ते मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी केलेले होते; सारे गाव त्यांवर लोटले की ते लवकरच मोडत. तेव्हा जालना येथील मिशनच्या लोकांनी, आणि पुढे सोलापूर येथील कारागिरांनी, पोलादाचा, एकाच खिळीवर फिरणाऱ्या दांड्याचा, साखळीने ओढ देणारा भक्कम पंप तयार केला. त्याच तत्त्वावर भारत सरकार व युनिसेफ ह्यांनी १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क दोन' हा पंप सिद्ध केला. आपल्या देशात तो लाखोंनी बसला, आणि तेथून आफ्रिकेतील अनेक देशांतही गेला. ते मिशन आपल्या पंथाचे नव्हते. परंतु तहानेल्याची सेवा कोणी केली ह्यापेक्षा ती केली गेली ह्याचे मोल अधिक आहे.

तरीही भक्कम पंपदेखील एकटा पुरत नाही. २००९ च्या सुमारास सहाराच्या दक्षिणेकडील देशांतील माहिती एकत्र केली असता सुमारे एकतृतीयांश हातपंप बंद आढळले. काही ठिकाणी आम्लयुक्त पाण्याने लोखंडी नळ गंजले होते. कित्येक ठिकाणी एक झिजलेला वायसर बदलावयाचा राहून गेला होता. इंडिया मार्क दोनचा वायसर बदलावयाचा तर सगळे नळ वर ओढून काढावे लागतात. त्यास हत्यारे आणि चार माणसे लागतात. म्हणून १९८० च्या दशकात मालावी व केनिया ह्या देशांत 'अफ्रिदेव' नावाचा पंप तयार करण्यात आला. त्याचा दट्ट्या नळ न काढता वर घेता येतो, आणि गावातील माणसे, त्यांत स्त्रियाही, थोड्या शिक्षणाने ते काम करू शकतात. पण त्यासही सुटे भाग लागतात, ते विकणारे दुकान लागते, आणि ते आणण्यासाठी गावाने जमविलेली चार नाणी लागतात. विहीर खणताना छायाचित्र निघते, वायसर बदलताना कोणी छायाचित्र काढीत नाही. आणि दात्याचे मन बहुधा छायाचित्राकडे ओढले जाते.

आता आपल्या स्वतःच्या गोष्टीकडे वळू. आपल्या धर्मग्रामातील काही उत्साही तरुणांनी सुचविले आहे की, महोत्सवाच्या दिवसांत बाटलीबंद पाणी विकावे आणि नफा आफ्रिकेतील पाण्याच्या कार्यास पाठवावा. त्यांच्या अंतःकरणातील दयेस आमचा आशीर्वाद आहे. योजनेविषयी मात्र आमचे मत निराळे आहे, आणि ते आज येथे सांगणे आमचे कर्तव्य आहे. आलेल्या पाहुण्यास पाणी विकत देणे ही आपली रीत नव्हे. मंडपात माठ आणि रांजण भरून ठेवावेत, ते रोज धुण्याची व उकळलेले पाणी भरण्याची पाळी तरुणांनीच वाटून घ्यावी, आणि पाणी सर्वांस विनामूल्य द्यावे. शेजारी एक पेटी ठेवावी. ज्याची तहान भागली त्याने दुसऱ्याच्या तहानेसाठी आपखुशीने टाकावे. छत्तीसांतील एक भाग नव्हे, जे टाकले ते सर्व पोचेल. आणि पैसे पाठविण्यापूर्वी त्या संस्थेस पत्र लिहून तीन गोष्टी विचाराव्यात: पंप कोणता बसवावा हे गावातील स्त्रियांस विचारले काय? तो मोडल्यास कोण दुरुस्त करतो, आणि सुटे भाग कोठून येतात? पाच वर्षांपूर्वी बसविलेल्या पंपांपैकी आज चालू किती आहेत? ज्या संस्थेपाशी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असेल तिच्या हाती आपला पैसा निश्चिंतपणे द्यावा.

कोणी म्हणेल, इतकी चौकशी कशाला? दान केले की आपले काम संपले. ह्यास आमचे उत्तर असे की, पाणी ही भीक नव्हे. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वच्छ पाणी हा मनुष्याचा हक्क म्हणून मान्य केला, आणि २०१५ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी आपल्या विश्वपत्रात तेच आवर्जून सांगितले. जे दुसऱ्याच्या हक्काचे आहे ते देताना आपण दाते नसतो, देणेकरी असतो. आणि देणेकऱ्याने रक्कम योग्य ठिकाणी पोचली की नाही हे पाहिलेच पाहिजे.

उत्पत्तीच्या ग्रंथात इसहाकाची जी कथा आहे ती आपण सर्वांनी ऐकली आहे. त्याच्या पित्याने खणलेल्या विहिरी शत्रूंनी मातीने बुजविल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि पित्याने दिलेलीच नावे त्यांस पुन्हा दिली. नव्या विहिरीस आपले नाव देण्याची हौस पुष्कळांस असते. दुसऱ्याची बुजलेली विहीर उकरून तिचे जुने नाव तिला परत देणारा विरळा. आपल्या पूर्वजांनी हा धर्मग्राम उभा केला. त्यांच्या हातचे काम झिजले तेथे आपण दुरुस्त करीत आलो, म्हणूनच आज हा महोत्सव आहे. तीच निष्ठा आपण दूरच्या, कधी न पाहिलेल्या गावांतील पंपांविषयी दाखवू या. ह्या वर्षी आपल्या पेटीतून एकही नवी विहीर झाली नाही, पण बंद पडलेले दोन पंप पुन्हा वाहू लागले, तर त्या गावांतील मुली घडा लवकर भरून शाळेत वेळेवर पोचतील. त्यांस आपले नाव कधी कळणार नाही, आणि कळावयासही नको. परमेश्वर आपणां सर्वांस ही सद्बुद्धी देवो.